दप्तराची विल्हेवाट

व्यापारी पेढी म्हटली की कागद जपून ठेवण्याची विद्या आपल्याला आठवते. कीर्द, खतावणी, हुंड्या, पावत्या, रुमालात बांधलेली दप्तरे, ही आपल्या व्यवहाराची जुनी शिस्त आहे. कागद नाहीसा कसा करावा, ही तितकीच आवश्यक असलेली दुसरी विद्या मात्र आपण मनावर घेतली नाही. ते काम आपण रद्दीवाल्यावर सोपविले. दिल्ली-इंदूरकडचे श्रोते त्याला कबाडी म्हणतील. वर्षातून एकदा कपाटे रिकामी करावयाची, गठ्ठे तागडीत घालावयाचे आणि आलेल्या पैशांत कारकून मंडळींनी चहा-भजी मागवावयाची, एवढ्यावर या विषयाचा निकाल लागत असे. पुष्कळ ठिकाणी अद्यापही लागतो.

त्या गठ्ठ्यांत काय असते याचा क्षणभर विचार करावा. कर्जाच्या अर्जावर अर्जदाराचे उत्पन्न, पत्ता, सही आणि आधार व पॅनचे क्रमांक असतात. रुग्णालयाच्या कागदावर एखाद्याचा आजार असतो, विम्याच्या कागदावर त्याच्या वारसांची नावे असतात. कागद पेढीच्या कपाटात असला तरी त्यावरील मजकूर ही दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली ठेव आहे. सरकारी नोकरीत मी एका तालुक्याच्या गावी असताना शेंगदाण्यांची पुडी उलगडली, तो आत एका पतसंस्थेच्या कर्ज-अर्जाचे पान निघाले. त्यावर एका शिक्षिकेचा पगार, तिच्या पतीच्या आजारपणाचा खर्च आणि दोन जामीनदारांच्या सह्या होत्या. दाणेवाल्याचा यात काही दोष नव्हता. त्याने कागद वजनावर घेतला होता.

कागद फाडला की संपला, असा सर्वसाधारण समज आहे. तो किती फसवा आहे हे पाहावयाचे असेल तर दोन उदाहरणे पुरेत. नोव्हेंबर 1979 मध्ये तेहरानमधील अमेरिकन दूतावास विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतला. आतील कर्मचाऱ्यांनी तत्पूर्वी पुष्कळ गोपनीय कागद यंत्रात घालून कातरले होते. परंतु त्यांतील काही यंत्रे कागदाच्या उभ्या, लांब पट्ट्या करणारी होती. इराणी मंडळींनी त्या पट्ट्या चिकाटीने शेजारी शेजारी लावून पाने पुन्हा जुळविली आणि पुढे ती ग्रंथरूपाने छापलीही. दुसरे उदाहरण पूर्व जर्मनीचे. 1989 च्या अखेरीस तेथील राजवट कोसळू लागली, तेव्हा ‘श्टाझी’ या गुप्त पोलिसदलाची यंत्रे अपुरी पडली आणि अधिकाऱ्यांनी हातांनी कागद फाडावयास आरंभ केला. त्या तुकड्यांनी भरलेली सुमारे 16,000 पोती नागरिकांच्या हाती लागली. 1995 पासून ते तुकडे हाताने जुळविण्याचे काम सुरू झाले, आणि सुमारे 500 पोत्यांतून 15 लाखांच्या आसपास पाने उभी राहिली. तेथे ज्यांच्यावर पाळत ठेवली गेली होती त्यांना त्यातून न्याय मिळाला, ही आनंदाचीच गोष्ट. आपल्यापुरता धडा एवढाच की मोठा तुकडा हा वाचता येणारा तुकडा असतो.

म्हणून तुकडा केवढा असावा याचेच माप ठरवावे लागले. जर्मनीत 2012 साली या कामाचे नवे प्रमाण तयार झाले आणि 2018 मध्ये ते आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून स्वीकारले गेले. त्यात कागदासाठी ‘पी-1’ पासून ‘पी-7’ पर्यंत सात पायऱ्या आहेत. ‘पी-2’ पायरीवर 6 मिलिमीटरपर्यंत रुंदीच्या लांब पट्ट्याही चालतात. ‘पी-4’ या पायरीवर तुकड्याचे क्षेत्रफळ 160 चौरस मिलिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये; म्हणजे नेहमीच्या ए-4 आकाराच्या पानाचे 390 च्या आसपास तुकडे झाले पाहिजेत. ‘पी-7’ मध्ये हीच मर्यादा 5 चौरस मिलिमीटर आहे, आणि त्याच पानाचे 12,000 हून अधिक कण होतात. ग्राहकांची नावे व क्रमांक असलेल्या कागदांसाठी निदान ‘पी-4’चे, म्हणजे आडवे-उभे कातरणारे यंत्र असावे. केवळ पट्ट्या करणारे स्वस्त यंत्र घेऊन निर्धास्त राहणे म्हणजे दाराला कडी घालून खिडकी उघडी ठेवणे होय.

आता कागदाची गोष्ट निम्मीच उरली आहे, कारण दप्तर संगणकात गेले. आणि येथे तर गैरसमज अधिक दाट आहे. संगणकातील मजकूर आपण ‘डिलीट’ केला, म्हणजे बहुधा ग्रंथालयातील सूचीपत्र तेवढे काढून टाकले. पुस्तक फडताळात जागच्या जागी असते, त्या जागी दुसरे पुस्तक येईपर्यंत. अमेरिकेतील गारफिंकेल आणि शेलात या दोन संशोधकांनी 2000 ते 2002 या काळात 158 जुन्या हार्ड डिस्क बाजारातून विकत घेतल्या. त्यांपैकी चालू स्थितीतील 129 डिस्क त्यांनी तपासल्या, तेव्हा नीट पुसलेल्या फक्त 12 निघाल्या. उरलेल्यांत क्रेडिट कार्डांचे 5,000 हून अधिक क्रमांक मिळाले.

फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कवर सर्वत्र नवा निरर्थक मजकूर लिहिला की पहिला मजकूर बुजतो. प्रबळ चुंबकाच्या यंत्रानेही तो पुसता येतो. पेन ड्राइव्ह आणि नव्या पद्धतीच्या ‘एसएसडी’ यांवर मात्र चुंबकाचा उपाय चालत नाही, कारण त्यांतील नोंद चुंबकीय नसतेच. त्यांच्यावर पुन्हा लिहिले तरी आतील नियंत्रक चिप झीज वाटली जावी म्हणून नवा मजकूर दुसऱ्याच कप्प्यात ठेवते, आणि जुना मजकूर एखाद्या कोपऱ्यात शिल्लक राहू शकतो. अशा साधनांत पहिल्या दिवसापासून सर्व मजकूर सांकेतिक लिपीत ठेवावा आणि साधन निकालात काढताना त्या लिपीची किल्ली नष्ट करावी, किंवा चिपेचा सरळ चुरा करावा, हे मार्ग उत्तम.

छायाप्रती काढणाऱ्या यंत्राकडे तर कोणाचे लक्षच जात नाही. पुष्कळ कार्यालयीन यंत्रांत हार्ड डिस्क असते आणि प्रत काढलेल्या पानांच्या प्रतिमा तिच्यावर साठू शकतात. न्यूयॉर्कमधील एका आरोग्यविमा संस्थेने अशी भाड्याची यंत्रे डिस्क न पुसता परत केली. त्यावरून निघालेल्या प्रकरणात तिला 2013 साली 12 लाखांहून अधिक डॉलर भरावे लागले.

काम दुसऱ्यावर सोपविले म्हणजे जबाबदारीही त्याच्याकडे गेली, असे मात्र समजू नये. मॉर्गन स्टॅन्ली या बड्या अमेरिकन वित्तसंस्थेने हजारो हार्ड डिस्क आणि सर्व्हर मोडीत काढण्याचे काम सामान हलविणाऱ्या एका कंपनीला दिले. त्या कंपनीला या कामाचा काहीच अनुभव नव्हता. त्यांतील काही साधने पुढे इंटरनेटवरील लिलावात, ग्राहकांच्या माहितीसह, विकली गेली. सुमारे दीड कोटी ग्राहकांचा प्रश्न होता. 2022 साली तेथील नियामकाने 3 कोटी 50 लाख डॉलरांचा दंड केला, तो सामान हलविणाऱ्याला नव्हे, वित्तसंस्थेला. आपल्याकडेही डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम 2023 मध्ये संमत झाला आणि त्याखालील नियम 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. कारण सरले की माहिती पुसावी, हे तत्त्व त्यात आहे. माहितीच्या सुरक्षिततेत हयगय केल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

येथवर ऐकून एखादा उत्साही मालक उद्याच सगळी कपाटे रिकामी करू लागेल, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अकाली नष्ट केलेला कागद हा न केलेल्यापेक्षा अधिक घातक ठरतो. आर्थर अँडरसन ही जगातील पाच प्रमुख हिशेबतपासनीस पेढ्यांपैकी एक होती. कागद केव्हा नष्ट करावेत याचे नियम तिच्याकडे होतेच. पण 2001 च्या ऑक्टोबरात एनरॉन कंपनीची चौकशी समोर दिसू लागली, तेव्हा त्या नियमांची आठवण एकाएकी तीव्र झाली आणि कातरण्याची यंत्रे धडधडू लागली. 2002 मध्ये पेढी दोषी ठरली. 2005 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय ज्यूरीला दिलेल्या सूचना सदोष असल्याच्या कारणाने फिरविला. परंतु तोवर पेढी जवळजवळ उरलीच नव्हती.

आपल्या कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तके निदान 8 आर्थिक वर्षे ठेवावी लागतात; वस्तू व सेवा कराची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून 72 महिने. एखादा दावा किंवा चौकशी चालू असेल तर मुदत संपली तरी कागदाला हात लावू नये. मुदतीचा तक्ता शांतपणे, कसलेही वादळ नसताना तयार करावा आणि दरवर्षी ठरल्या महिन्यात पाळावा. इतिहासाचाही अधिकार असतो. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे मिळविली, त्या भाषेच्या माणसांना हे वेगळे सांगावयास नको. केंद्र सरकारच्या कागदांबाबत 1993 च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने 1892 पूर्वीचा कागद, तो अगदी निकामी झाल्याखेरीज, नष्ट करण्यास मनाई केली आहे. खाजगी पेढ्यांवर असे बंधन नाही. पण शंभर वर्षांची चोपडी यंत्रात घालण्यापूर्वी एखाद्या अभ्यासकाला दाखविण्यास काय हरकत आहे?

नष्ट केलेल्या प्रत्येक गठ्ठ्याची नोंद करावी: काय होते, कोणत्या वर्षाचे, कोणाच्या आज्ञेने, कोणत्या रीतीने, कोणासमक्ष. हार्ड डिस्क असेल तर तिचा अनुक्रमांकही लिहावा. काम बाहेरच्या संस्थेला दिले असेल तर तिचे प्रमाणपत्र या यादीशी ताडून पाहावे. नुसत्या ‘इतके किलो’ अशा प्रमाणपत्राला फारसा अर्थ नाही.

लहान दुकानदाराने किंवा दवाखान्याने यंत्र घ्यावे कसे, असे कोणी विचारील. गठ्ठा पेटवून देणे हा उपाय नव्हे. घट्ट बांधलेला गठ्ठा कडांनी जळतो आणि मधली पाने शाबूत राहतात, शिवाय धुराचा उपद्रव वेगळा. त्यापेक्षा कागद हाताने बारीक फाडून बादलीभर पाण्यात रात्रभर भिजत घालावेत आणि सकाळी त्यांचा लगदा करावा. लेसर छपाईची अक्षरे पाण्याने विरघळत नाहीत, एवढे ध्यानात ठेवून लगदा काठीने चांगला घोटावा. त्यात अक्षर ओळखू येईल असा तुकडा राहता कामा नये.