कागद गिरणीचे पाणी उसाला द्यावे काय?



आपल्या उसाच्या बगॅसपासून कागद होतो. तामिळनाडूत करूर जिल्ह्यात कागितपुरम येथे राज्य सरकारने उभारलेली बगॅसवरील मोठी कागद गिरणी १९८४ पासून चालू आहे. तिचे शुद्ध केलेले सांडपाणी भोवतालचे शेतकरी उपसा सिंचन संस्थेमार्फत उसाला व इतर पिकांना देतात. मग ओढ्याला आलेले कोणत्याही कागद गिरणीचे पाणी उचलावे काय? याचा खुलासा आम्ही येथे करीत आहोत.

कागदासाठी बगॅस कॉस्टिक सोड्यात शिजवितात. धागा वेगळा होतो आणि बाकीचा भाग सोड्यासह काळ्या पाण्यात उतरतो. मोठ्या गिरण्या हे काळे पाणी आटवून बॉयलरमध्ये जाळतात व सोडा परत मिळवितात. जिथे ही सोय नाही, तिथे सोडा सांडपाण्यातून बाहेर पडतो.

सांडपाणी प्रथम मोठ्या टाकीत संथ ठेवतात, म्हणजे धागे व गाळ तळाशी बसतो. पुढच्या टाकीत हवा घुसळतात. तेथे जिवाणू पाण्यातील सेंद्रिय घाण खातात. या पाण्यात नत्र-स्फुरद कमी असल्याने जिवाणूंनाही युरिया-डीएपीची मात्रा द्यावी लागते! यामुळे पाण्याचा वास जातो आणि बी.ओ.डी. उतरतो. शेतात सोडायच्या पाण्यात तो लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत हवा, असा सरकारी दंडक आहे.

पण खरी मेख पुढेच आहे. जिवाणू घाण खातात, सोडा खात नाहीत. 'वास नाही, म्हणजे पाणी चांगलं' असं समजू नका. पाण्यातला सोडियम काळ्या जमिनीत साठला, की माती चोपण होते, निचरा बंद पडतो आणि खोडवा फुटत नाही. जमिनीची क्षारता १.७ डेसिसायमनच्या पुढे गेली, की दर एका डेसिसायमनमागे उसाचे उत्पन्न सुमारे ६ टक्के घटते.

म्हणून,

१) पाणी उचलण्यापूर्वी क्षारता व सोडियमचे प्रमाण (एस.ए.आर.) तपासून घ्या. एस.ए.आर. १० च्या आत असावा.

२) निचरा नसलेल्या भारी जमिनीत हे पाणी देऊच नका.

३) विहिरीच्या किंवा कालव्याच्या गोड्या पाण्याची पाळी मधून मधून द्या.

४) दरवर्षी माती तपासा. चोपणपणा दिसू लागताच चर काढा आणि माती परीक्षणाप्रमाणे जिप्सम, शेणखत व ताग-धैंचा वापरा.

पाणी एका हंगामाचे असते, जमीन पिढ्यांची. बाटलीभर पाणी तपासायला फार खर्च येत नाही. चोपण झालेलं रान सुधारायला मात्र वर्षं जातात.