आखून घेतलेले अंगण

श्वेतांबर परंपरेत श्रावकाच्या बारा व्रतांपैकी दहावे व्रत देशावकाशिक. दिग्व्रतात जन्मभरासाठी घातलेली दिशांची मर्यादा येथे दिवसापुरती आणखी आवळून घ्यावयाची: आज या पेठेबाहेर जाणार नाही, आज या घराबाहेरही नाही.

दुर्धर आजारही माणसाकडून हेच करवून घेतो. प्रथम मार्केट यार्डातला गाळा सुटतो, मग जिना, अखेर एक खोली उरते. तरीही ‘हे व्रतच समजा’ असे रुग्णाला सांगणे मला निष्ठुरपणाचे वाटते. व्रत स्वेच्छेचे असते. आजार कोणाला विचारून येत नाही. तो शब्द उच्चारायचाच, तर रुग्णाने स्वतः उच्चारावा.

याच पुण्यातले गोपाळ गणेश आगरकर आठवतात. धर्मश्रद्धेशी त्यांचे पटले नाही. पण शिक्षण संपण्यापूर्वीच त्यांनी आईला कळविले होते, की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरते मिळवून मी संतोष मानीन. दम्याने त्यांना पुढे जेरीस आणले. तशाही स्थितीत १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ काढला, १८९२ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या ३९व्या वर्षी ते गेले. अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात. शेवटचे देणेही उधार न ठेवणाऱ्या त्या पुडीचे मोल व्यापारी घरांना वेगळे सांगावयास नको.

आगरकरांनी आपले अंगण आधीच आखून घेतले होते. आजाराला हिरावून घेण्याजोगे तेथे फारसे नव्हते. चाळीस वर्षे गादीवर बसलेल्या गृहस्थाचे तसे नसते. त्यात आपण घरचे लोक ‘तुम्ही आता आराम करा’ म्हणत त्याच्यासमोरून खातेवही उचलतो. मायेपोटीच उचलतो, पण खोली त्यामुळे अधिक लहान होते.

कोणत्या गिऱ्हाईकाला किती दिवसांची उधारी द्यावी, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असते? रोज एक तरी गोष्ट त्याला विचारावी, आणि त्याने सांगितले तसे खरोखर करावे. चौविहाराचा नियम असेल, तर औषधाच्या वेळा डॉक्टरांशी बोलून ठरवाव्यात. त्याचा नियम परस्पर मोडू नये. पलंग मात्र रस्त्याकडच्या खिडकीपाशी हलवावा. सकाळी कोणाचे दुकान आधी उघडले, हे त्याला अजूनही पाहावयाचे असते.