पीक विमा कोणाचा? कसणाऱ्याचा की सात-बाराचा?

शेतकरी पीक विमा का घेत नाही, असे विचारले की अधिकाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते : जागृती नाही! हे उत्तर सोयीचे आहे, पण खरे नाही.

पुणे जिल्ह्यातील बारामती आणि इंदापूर हे शेजारचे तालुके पाहा. नीरा डाव्या कालव्यावरच्या ऊसवाल्याला पाण्याचा आणि साखर कारखान्याचा आधार आहे. खरीप विम्याच्या यादीत ऊस नाहीच. खरी गरज आहे ती पावसाकडे डोळे लावून बसलेल्या जिरायत पट्ट्यातील बाजरीवाल्याला. पण भरपाई ठरते महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर. माझे रान जळाले आणि मंडळाची सरासरी बरी निघाली, तर हाती काय? तो कचरतो ते अज्ञानाने नव्हे, हिशेबाने.

2020 पर्यंत कर्जदाराचा हप्ता बँक सक्तीने कापून घेई. 2023 मध्ये शासनाने एक रुपयात विमा दिला. 2025 च्या खरिपात तो बंद करून पुन्हा दोन टक्के हप्ता लावला आणि स्थानिक आपत्तीचे संरक्षणही काढले. दाम वाढला, भरवसा घटला. मग विमा कोण घेणार?

परंतु ज्याला हा निर्णय घेण्याचा अधिकारच नाही, त्याचे काय? आपला भूमिहीन बांधव दुसऱ्याची जमीन वाट्याने, खंडाने कसतो. बियाणे त्याचे, घाम त्याचा, बुडाले तर कर्जही त्याचेच. केंद्राच्या योजनेत वाटेकऱ्यालाही विमा आहे. पण आपल्या राज्यात त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो. 1948 च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क दिला, म्हणून त्या धास्तीने मालक कागदावर सही करीत नाही. कसणाऱ्याच्या रक्षणासाठी झालेला कायदाच आज त्याला कागदाबाहेर ठेवण्याचे निमित्त बनला आहे! उलट एक रुपयाच्या काळात शासकीय जमिनी स्वतःच्या दाखवून बोगस अर्ज भरले गेले. जमीन न कसणाऱ्याला विमा आणि कसणारा बाहेर, हा कुठला न्याय?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1947 च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि शेती हा राज्याचा उद्योग असावा, अशी मागणी केली होती. जमीनदार, कूळ, भूमिहीन मजूर हा भेदच त्यांना मिटवायचा होता. विमा आणि जमीन हे दोन्ही प्रश्न त्यांनी एकत्र मांडले, ते उगीच नव्हे.

म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगाव वाटेकऱ्यांच्या याद्या कराव्यात. ग्रामसभेत ठराव मांडावेत. कसणाऱ्याची नोंद पीक पाहणीत घ्या आणि त्या नोंदीवर विमा द्या, ही मागणी तहसील कचेरीवर न्यावी. मालकी ज्याची असेल त्याची असो. नुकसान ज्याचे, भरपाई त्याचीच!