वळणावर पाय उचलला आणि…

अहिल्यानगरहून (पूर्वीच्या अहमदनगरहून) पाथर्डीला जाताना करंजी घाट लागतो. पहिल्या पावसाने रस्ता ओला झालेला आहे आणि जीपचे इंजिन मागची चाके फिरवते आहे. वळणात वेग जास्त वाटला की नवशिका चालक घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलतो. आपल्याला हा सावधपणा वाटतो. मग गाडीचा मागचा भाग बाहेर का घसरतो?

आधी वर्गात एक प्रयोग करा. टेबलावरचा लाकडी ठोकळा ताणकाट्याने ओढल्यास 10 न्यूटनला सरकतो असे समजू. आता पुढच्या दिशेने 6 न्यूटन बल लावून ठेवा आणि दुसऱ्या ताणकाट्याने काटकोनात ओढा. ठोकळा 8 न्यूटनलाच सरकेल, कारण 6² + 8² = 10². घर्षणाची शिल्लक एकच असते. ती एका दिशेला खर्च झाली की दुसरीकडे कमी उरते. टायरचेही साधारण तसेच.

आता जीपकडे वळू. वस्तुमान 1200 किलोग्रॅम, दोन आसांतील अंतर 2.4 मीटर, गुरुत्वमध्याची उंची 0.6 मीटर, भार दोन्ही आसांवर समान आणि ओल्या रस्त्याचा घर्षणांक 0.5 धरू. मागच्या आसावर 6000 न्यूटन भार, म्हणून घर्षण जास्तीत जास्त 3000 न्यूटन. 30 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 36 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 10 मीटर वेग असेल, तर मागच्या चाकांना 600 × 10² ÷ 30 = 2000 न्यूटन अभिकेंद्री बल हवे. ते सहज मिळते.

चालकाने खालचा गियर टाकून पाय एकदम उचलला की इंजिन ब्रेकसारखे काम करते, तेही फक्त मागच्या चाकांतून. मंदन 2 मीटर प्रति सेकंद वर्ग असेल, तर त्यासाठी 2400 न्यूटन लागतात. शिवाय 1200 × 2 × 0.6 ÷ 2.4 = 600 न्यूटन भार मागून पुढे सरकतो. मागचे घर्षण 2700 न्यूटनवर येते आणि बाजूसाठी √(2700² − 2400²), म्हणजे जेमतेम 1240 न्यूटन उरतात. हवे होते 2000! मागची चाके घसरतात. भार वाढलेली पुढची चाके मात्र पकड सोडत नाहीत. गाडी गिरकी घेऊ लागते.

इंजिन मागच्या आसाच्याही मागे असलेली पोर्शे 911 ही स्पोर्ट्‌स कार याच स्वभावासाठी प्रसिद्ध झाली. उलट, वळणात ॲक्सिलरेटर एकदम दाबला आणि मागची चाके जागीच फिरू लागली, तरी बाजूची पकड जवळजवळ संपते. 1995 पासून काही गाड्यांत घसरण ओळखून चाकांना आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आली; जुन्या जीपमध्ये मात्र सारी भिस्त चालकाच्या पायावर.

म्हणून वेग वळणाआधीच कमी करावा, वळणात पाय स्थिर ठेवावा आणि बाहेर पडताना हळूहळू दाब वाढवावा.

मंदन 1 धरून हेच गणित विद्यार्थ्यांना द्या. बाजूसाठी सुमारे 2580 न्यूटन उरतील आणि गाडी सुखरूप वळेल. वळण तेच, वेग तोच. फरक फक्त पाय किती हळू उचलला याचा.