गव्हाण ते गेट : शिरूर-दौंडमधला माणूस आणि संस्था

व्यक्ती आणि संस्था यांचं नातं सांगताना व्यवस्थापनशास्त्र सहसा अमेरिकेतल्या कारखान्यातून निघतं. टेलरने कामगाराची हालचाल घड्याळावर मोजली आणि १९११ मध्ये त्याचं शास्त्र मांडलं. हॉथॉर्नच्या प्रयोगांनी त्याच्याभोवतीचा गट पाहिला. संस्था जाणत्या माणसाला पोरासारखं वागवते, अशी तक्रार आर्जिरिसने १९५७ मध्ये केली. हे सगळे एक गोष्ट धरूनच चालले होते : काम करणारा एक, मालक दुसरा.

पाटसच्या भीमा किंवा न्हावऱ्याच्या घोडगंगा सहकारी साखर कारखान्यात हे जुळत नाही. तिथला सभासद मालक आहे, गव्हाणीत पडणारा ऊसही त्याचाच, आणि शेअर कितीही असले तरी मत एकच. मुलगा तिथेच नोकरीला असेल, तर पगारवाढ मागणारा आणि ती देणारा एकाच घरात जेवतात.

या नात्याला सर्वांत जवळ जाणारं पुस्तक मला अल्बर्ट हर्शमनचं वाटतं. १९७० मध्ये त्याने मांडलं की संस्था बिघडली की माणूस एकतर ती सोडतो, नाहीतर आवाज उठवतो; कोणता मार्ग धरायचा हे निष्ठेवर बरंच अवलंबून असतं. त्याला हे सुचलं नायजेरियाच्या रेल्वेवरून. ट्रकची स्पर्धा आली तरी रेल्वे सुधारेना, कारण ज्यांनी आरडाओरडा केला असता तेच माल घेऊन ट्रककडे गेले.

आता ट्रकच्या जागी खासगी साखर कारखाने ठेवा. राज्यातली झोनबंदी, म्हणजे ठरवून दिलेल्या कारखान्यालाच ऊस घालायची सक्ती, १९९७ मध्ये उठली. तुटलेला ऊस वाळत जातो, वजन आणि उतारा दोन्ही घटतात, म्हणून थांबायला कोणाला परवडत नाही. दौंड तालुक्यात खासगी गाळप सुरू झालं तसा ऊस तिकडे वळला. भीमा काही हंगाम बंद राहिला, मग कर्नाटकातल्या निराणी समूहाकडे भाड्याने गेला. अलीकडे घोडगंगाही थांबला. कर्ज, कारभार, राजकारण ही कारणं ज्याच्या-त्याच्या गटाप्रमाणे ऐकायला मिळतात. सगळा दोष ऊस बाहेर नेणाऱ्यावर टाकणं मला पटत नाही. वार्षिक सभेत विषय वाचून होण्याआधी ‘मंजूर, मंजूर’ असा गलका होत असेल, तर शंका विचारणाऱ्याने विचारायचं तरी कुठे? आवाजाची जागा आधी आकसली, ट्रॉल्या नंतर वळल्या.

रांजणगावच्या एमआयडीसीत गणित उलटं आहे. फियाट, व्हर्लपूल, एलजी यांसारख्या कंपन्यांच्या या वसाहतीत सोडून जाणं सोपं आणि बोलणं महाग. परमनंट कामगाराला युनियन आहे, वेतनकरार आहे. कंत्राटी पोराची हजेरी ठेकेदाराकडे. एक गेट सोडून दुसऱ्या गेटवर गेलं तरी काम तेच. १९३८ मध्ये चेस्टर बर्नार्ड म्हणाला होता की माणसाला जे मिळतं ते त्याने दिलेल्यापेक्षा जास्त वाटेपर्यंतच तो संस्थेत राहतो. पण मिळतं ठेकेदाराकडून आणि द्यायचं कंपनीला, तेव्हा हा हिशेब कोणाशी मांडायचा? १९७० चा कंत्राटी कामगार कायदा ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती द्यायला मूळ मालकाला भाग पाडत असे. ही मजुरीची हमी झाली, नात्याची नव्हे.

दौंडच्या रेल्वेवाल्यांचं निराळं. क्वार्टर, पास, बदली, पेन्शन; सोडायचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे उरतो आवाज. मे १९७४ च्या देशव्यापी संपात रेल्वे कामगारांनी तो काढून पाहिला आणि त्याची किंमतही मोजली.

आणि ऊसतोडणी? तिथे मोजायचं एकक व्यक्ती नाहीच, ‘कोयता’ आहे : नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मुकादम देतो, करार कारखाना मुकादमाशी करतो, फडात राबणाऱ्या बाईचं नाव बहुधा कुठल्याच कागदावर नसतं. हर्शमनच्या दोन्ही वाटा तिला बंद, कारण उचल फिटल्याशिवाय जाता येत नाही आणि कोणाशी बोलायचं तेही ठरलेलं नाही. आता राज्याने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार महामंडळ काढलं आहे, कामगारांना ओळखपत्रंही मिळू लागली आहेत. ती कारखाना देत नाही. तिच्या गावचा ग्रामपंचायत अधिकारी देतो.