पाय वाचायला शिकताना

आपल्या मराठीत पायाच्या दुखण्यांना शब्दांची कमी नाही. तळव्याला होतं ते कुरूप, टाचेला पडतात त्या भेगा, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात होतात त्या चिखल्या, चप्पल घासून पडतो तो घट्टा. पण ही दुखणी घेऊन ज्याच्याकडे जायचं, त्या माणसाला मात्र शब्द नाही. म्हणून आपण मेडिकलमधून कॉर्न कॅप आणतो, नाहीतर घरातल्याच ब्लेडने कुरूप कोरत बसतो.

ब्रिटनमध्ये हे काम करणाऱ्याला पोडायट्रिस्ट म्हणतात आणि ते शिकायला युनिव्हर्सिटीत जावं लागतं. माझी मावसबहीण सध्या तिथे हीच पदवी घेते आहे. तिचे आईवडील बरीच वर्षं स्विंडनला आहेत, गोव्याचे बरेच लोक तिथे आहेत तसे. तिने पोडायट्री घेतली हे कळल्यावर आमच्या घरात पहिला प्रश्न आला, ‘म्हणजे लोकांची नखं कापायची? त्यासाठी डिग्री?’ या प्रश्नाचं नीट उत्तर द्यावं म्हणून हा लेख.

पदवी इंग्लंडमध्ये तीन वर्षांची, स्कॉटलंडमध्ये चार. सुरुवात शरीररचनेपासून. एका पायाच्या पावलात २६ हाडं असतात. म्हणजे दोन्ही मिळून ५२, अख्ख्या शरीरातल्या २०६ हाडांपैकी जवळजवळ पाव हिस्सा! त्यांना बांधणारे स्नायू, शिरा, नसा, शिवाय माणूस चालताना वजन टाचेवरून अंगठ्याकडे कसं सरकतं, हे सगळं शिकावं लागतं. स्काल्पेल धरण्याचा सराव पहिल्यापासूनच. पुढे अंगठा बधिर करायचं इंजेक्शन आणि नखाची छोटी शस्त्रक्रिया येते. मांसात रुतलेल्या नखाची कडेची पट्टी काढतात आणि ती परत वाढू नये म्हणून मुळाशी फिनॉल लावतात. शेवटच्या वर्षात डायबेटिस, संधिवात, रक्तपुरवठा कमी झालेले पाय असे जोखमीचे पेशंट असतात. तिन्ही वर्षांत मिळून साधारण १००० तास प्रत्यक्ष क्लिनिकमध्ये जातात.

पदवीनंतर हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. त्याशिवाय स्वतःला पोडायट्रिस्ट म्हणवून घेणं तिथे कायद्याने गुन्हा आहे. मग एनएचएसमध्ये किंवा खासगी क्लिनिकमध्ये नोकरी. पुढे आणखी शिकून शस्त्रक्रियेकडेही वळता येतं.

आता मुख्य मुद्दा. पोडायट्रीचा विद्यार्थी शिकतो काय, तर पाय वाचायला. चपलेचा तळ कुठे झिजलाय, घट्टा नेमका कुठल्या हाडाखाली आलाय, पायावरचे केस गेलेत का, एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम लागतंय का, हे सगळं त्याला काहीतरी सांगत असतं. त्याच्याकडे नायलॉनचा एक जाडसर धागा असतो. तळव्यावर टेकवून तो वाकेपर्यंत दाबला की बरोबर १० ग्रॅमचा दाब पडतो. पेशंटने डोळे मिटून ‘लागलं’ म्हणायचं. तो गप्प राहिला, तर तिथली जाणीव गेलीय असं समजायचं.

जाणीव जाणं इतकं गंभीर का, याचं उत्तर शोधण्यात आपल्या वेल्लोरचा मोठा वाटा आहे. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आले. कुष्ठरोग्यांची बोटं रोगामुळे आपोआप झडतात, असा तेव्हा समज होता. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की खरं कारण वेगळं आहे. नसा निकामी झाल्यामुळे दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो. मग त्यांनी मऊ रबराच्या तळव्यांची पादत्राणं करून पाहिली, जखमेवरचा दाब कमी केला आणि जखमा भरू लागल्या. पुढे हाच विचार डायबेटिसच्या पायांना लागू पडला. डायबेटिसमध्येही नसा बधिर होतात. चपलेतला खडा दिवसभर टोचतो आणि कळतच नाही. छोटी जखम चिघळते, हाडापर्यंत जाते आणि शेवटी बोट, कधी पूर्ण पाय कापावा लागतो. म्हणून तर ब्रिटनमध्ये डायबेटिस असलेल्या प्रत्येक प्रौढ माणसाचे पाय वर्षातून एकदा तरी तपासावेत असा नियम आहे.

आपल्याकडे हे काम सर्जन, डायबेटिसचे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि नर्स आपापसांत वाटून घेतात. मोठ्या शहरांत डायबेटिक फूट क्लिनिकं आहेत. पण गावातला माणूस तिथे पोचतो तो बहुधा जखम काळी पडल्यावर. त्याच्या आधी, नुसता घट्टा असताना पाय हातात घेऊन बघणारं कुणी नसतं. ‘लोकांच्या पायाला कोण हात लावणार’ हा आपला जुना संकोचही त्याला कारण आहे. मोठ्यांच्या पाया पडायला आपण वाकतो, पण त्यांचा तळवा उलटा करून कधी बघतो का?

कुणाला या वाटेने जायचंच असेल, तर बारावीला बायॉलॉजी हवं. हात स्थिर हवा, वासाची किळस नको आणि म्हाताऱ्या माणसांशी गप्पा मारायची हौस हवी. माझी बहीण म्हणते, अर्धं निदान गप्पांतच होतं. अर्ज करण्याआधी एखाद्या क्लिनिकमध्ये एक दिवस नुसतं बसून बघावं. ‘हेच का?’ हा प्रश्न मुलाखतीत विचारतातच. पैशांचा हिशोबही आधी मांडा. तिथे राहणाऱ्या विद्यार्थ्यांना सरकारकडून वर्षाला किमान ५००० पाउंड मिळतात आणि ते फेडावे लागत नाहीत. भारतातून जाणाऱ्याला ती मदत नाही, आणि फीसुद्धा बरीच जास्त पडते.

आणि ज्यांना कुठेच जायचं नाही, त्यांच्यासाठीही थोडं काम आहे. घरात डायबेटिस असलेलं कुणी असेल, तर रोज संध्याकाळी त्यांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघा. चप्पल घालण्याआधी झटकायला सांगा. अनवाणी फिरू देऊ नका. कुरुपाला ब्लेड लावू देऊ नका. जखम दिसली, तर ती दुखत नाही म्हणून थांबू नका, लगेच डॉक्टरकडे न्या. न दुखणारी जखमच जास्त धोक्याची असते.