रतन टाटांचे चौदाशे पौंड

विलायतेतून पैसा यायचा आणि आपल्याकडे शाळा-दवाखाने उभे राहायचे, हे आपल्याला पाठ आहे. 1912 साली उलटं घडलं. मुंबईच्या सर रतन टाटांनी लंडन विद्यापीठाला दरसाल 1,400 पौंड देऊ केले. ना इमारतीसाठी, ना अन्नछत्रासाठी. गरिबी येते कशातून आणि हटवायची कशी, याच्या अभ्यासासाठी! (हे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, नॅनोवाले नव्हेत. हा खुलासा मला दर व्याख्यानात करावा लागतो.)

या प्रकरणाने मला कित्येक वर्षं झपाटलंय. त्या पैशातून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रतन टाटा फाउंडेशन सुरू झालं आणि 1913 मध्ये अर्थ-इतिहासकार आर. एच. टॉनी त्याचे संचालक झाले. गरीब माणसात काय खोट आहे हे शोधत बसण्यापेक्षा त्याला मजुरी किती मिळते ते बघा, असा त्यांचा रोख. साखळ्या घडवणाऱ्या कामगारांच्या किमान वेतनावरचा त्यांचा अभ्यास 1914 मध्ये आला, शिवणकामाच्या धंद्यावरचा 1915 मध्ये. त्याच वर्षी बाउली आणि बर्नेट-हर्स्ट यांची चार इंग्लिश गावांची पाहणी निघाली: नॉर्दॅम्प्टन, वॉरिंग्टन, स्टॅन्ली आणि रेडिंग. घरन् घर न धुंडाळता नमुन्यादाखल काही घरं निवडून केलेली ही पाहणी त्या काळी नवलाचीच होती. निघालं काय, तर कर्ता माणूस रोज कामावर जातो, पण मजुरीत घर भागत नाही. दारू आणि आळसावर प्रवचनं झोडणाऱ्या दानशूरांना हे चांगलंच झोंबलं असणार. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले क्लेमंट अ‍ॅटली 1913 च्या सुमारास लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्येच समाजसेवेचा विषय शिकवत होते. 1916 मध्ये बाबासाहेब आंबेडकर तिथे दाखल झाले.

मुलाकडे लंडनला गेलो तेव्हा ट्विकनमचं यॉर्क हाऊस मुद्दाम बघून आलो. टाटांनी ते 1906 मध्ये विकत घेतलं होतं; आता तिथे रिचमंड कौन्सिलची कचेरी आहे. बागेत टाटांनी आणवलेल्या संगमरवरी अप्सरा अजून कारंज्यात खेळताहेत. “गरिबीचा अभ्यास करवणाऱ्याची बाग का ही?” सौ.ने विचारलं. प्रश्न रास्त होता. पण याच माणसाने गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला आणि गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्यालाही सढळ हाताने पैसा दिला, असं म्हणून मी वेळ मारून नेली.

त्यांचे थोरले बंधू सर दोराबजी यांच्या नावाच्या न्यासाने 1936 मध्ये मुंबईत समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था काढली. तीच आजची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे ‘टिस’. 1954 पासून ती देवनारला आहे. आम्हा नवी मुंबईकरांना वाशीचा पूल ओलांडला की आलीच.

आता दानधर्माच्या कायद्याचं भराभर उरकतो. इंग्लंडचं चॅरिटी कमिशन 1853 चं. आपल्याकडे 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आणि धर्मादाय आयुक्त. वाशी-नेरुळच्या संस्थेचे कागद ठाण्याला जातात, खारघर-पनवेलच्या संस्थेचे अलिबागला. गणेशमंडळाची नोंदणी नसेल तर वर्गणी गोळा करायला कलम 41कखाली परवानगी. आणि 1 एप्रिल 2014 पासून बड्या कंपन्यांवर सरासरी नफ्याच्या 2 टक्क्यांचं सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा खर्च.

या सीएसआरच्या काही बैठकांना मी बसलोय. बाकं, दप्तरं, पाण्याचं यंत्र यांना चटकन होकार मिळतो. वस्तीत आधी पाहणी करू म्हटलं की चेहरे पडतात. “अहवालाचा फोटो काय काढणार?” असं एका साहेबांनी मला तोंडावर विचारलं. ज्या कंपन्यांवर वर्षाला सरासरी 10 कोटी वा त्याहून अधिक सीएसआरची जबाबदारी आहे, त्यांना 1 कोटी वा त्याहून मोठ्या प्रकल्पांचा परिणाम तपासून घ्यावा लागतो, असा 2021 चा नियम आहे. पण ती तपासणी काम उरकल्यावरची. टाटांनी पैसे दिले होते ते कामाच्या आधी विचारायच्या प्रश्नांसाठी, आणि मला तेच शहाणपणाचं वाटतं.

स्वयंसेवेची दशा याहून वाईट. विसर्जनाच्या रात्री तलावाच्या काठी पहाटेपर्यंत उभी राहणारी पोरं मंडळाच्या ताळेबंदात कुठेच नसतात. तिथे मंडप दिसतो, स्पीकर दिसतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये देशभर वेळ-वापर सर्वेक्षण केलं आणि त्यात बिनपगारी स्वयंसेवेचा वेळही मोजला. 2024 मध्ये ते पुन्हा झालं. नवी मुंबईत ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत एकेका नोडचा असा हिशेब कुणी मांडायला घेतला, तर पहिली वर्गणी माझी. पावती मात्र लागेल, करसवलतीच्या 80जीची.